निळ्या डबीचा पंचनामा

निळी डबी उघडली, कॅमेरा तिच्या काळोखात शिरला, डबी खालच्या गालिच्यावर पडली आणि खोलीत कोणीच उरलं नाही. आत्यानं रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला.

“आता या दोघींची नावं काय धरायची?”

“का गं?”

“गोरीला आपण बेटी म्हणत होतो. ती एकाएकी नाहीशी झाली. दुसरीला रीटा म्हणत होतो, पण ते नाव तिनं न्हाणीघराच्या आरशात दिसलेल्या पोस्टरवरून उचललेलं. म्हणजे एक माणूस गेलं आणि दुसऱ्याचं नाव मुळात खरं नव्हतं. दोन तास होत आले. मी कोणाची गोष्ट बघतेय?”

सिनेमा डेव्हिड लिंचचा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’, 2001 सालचा. बीबीसीनं 2016 मध्ये जगभरच्या 177 समीक्षकांना एकविसाव्या शतकातले सर्वोत्तम चित्रपट विचारले, तेव्हा यादीत हा पहिला आला. तरी पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण याच डबीपाशी येऊन अडकतात. लिंच जानेवारी 2025 मध्ये गेला. तेव्हापासून मी त्याचे सिनेमे पुन्हा लावून बघत होतो. साताऱ्याला आत्याकडे चार दिवस राहायला गेलो, तेव्हा हाही बरोबर नेला होता.

आत्या 72 वर्षांची आहे. तिची सगळी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून झाली. आजही काही लक्ष देऊन बघायचं असलं की तिच्या मांडीवर वही असते. नजर पडद्यावर, आणि अंधारात पेन्सिल आपली चालत राहते. लघुलिपीच्या त्या आकड्या-टिंबांतलं मला काही वाचता येत नाही.

तिच्या प्रश्नावर मी जे बोललो, ते गेली कितीतरी वर्षं फिल्म क्लबमधल्या प्रत्येक खेळानंतर बोलत आलो होतो. “आत्या, समजून घ्यायच्या मागे लागू नकोस. नुसता अनुभव घे.”

तिनं वही मिटली. “हे तू सगळ्यांना सांगतोस?”

“हो. लोक उत्तर शोधायला लागले की बघायचे थांबतात. लिंचनं जन्मभर आपल्या सिनेमाचा अर्थ सांगायला नकार दिला. स्वप्नाचा हिशोब मागत नाहीत.”

“हिशोब मी मागतच नाहीये. नाव विचारलं. आणि तू जे म्हणालास ना, त्यानं माणूस गप्प होतो. त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.”

मला एक संध्याकाळ आठवली. पुण्यात एका फिल्म क्लबमध्ये तारकोव्हस्कीचा ‘मिरर’ (1975) दाखवला होता. संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. ऑफिसातून थेट आलेले, हातात डब्याची पिशवी. त्यांनी विचारलं, “आई आणि बायको, दोन्ही एकच बाई का दाखवलीय?” मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. दोन-तीन जण हसले. ते गृहस्थ खाली बसले आणि पुन्हा कधी आले नाहीत. खरं तर त्या सभागृहात सगळ्यात नीट सिनेमा त्यांनीच बघितला होता. मार्गारिता तेरेखोव्हा या एकाच नटीनं दोन्ही भूमिका केल्यात. आईचा चेहरा आठवायला जावं तर बायकोचाच डोळ्यांसमोर येतो, अशी त्या निवेदकाची अवस्था आहे आणि सगळा ‘मिरर’ त्या एका दुखण्यावर उभा आहे. त्यांनी नेमकं दारावर बोट ठेवलं होतं. मी दार लावून घेतलं.

हे आत्याला सांगितलं. ती काही बोलली नाही. तिनं सिनेमा पुढे सुरू केला.

उरलेला भाग ज्यांनी बघितलाय त्यांना तो ठाऊक आहे. गोरी जागी होते ती डायन म्हणून. चेहरा ओढलेला, घर कळकट. काळ्या केसांची आता कमिला आहे, यशस्वी नटी, आणि ती डायनला सोडून दिग्दर्शकाशी लग्न करायला निघालीय. डायन एका माणसाला पैसे देऊन कमिलाचा खून करवते. काम झालं की निळी किल्ली मिळेल, असं तो सांगतो. शेवटी डायन स्वतःला संपवते.

मी दिवा लावला. आत्यानं विचारलं, “पंचनाम्यात सोन्याच्या अंगठीला काय लिहितात, माहितीय?”

“सोन्याची अंगठी.”

“नाही. ‘पिवळ्या धातूची अंगठी’. सोनं आहे की नाही हे सोनार सांगेल, पुढे. पंचांना पिवळा धातू दिसला, तेवढंच लिहायचं. जमिनीवर रक्त असलं तरी ‘रक्तासारखे डाग’. खून झाला असं पंचनाम्यात कधीच नसतं. मृतदेह कुठल्या कुशीवर, हात कुठे, दाराची कडी आतून की बाहेरून, एवढंच असतं. खून झाला की नाही, हे ठरायला मग वर्षं जातात. तुम्ही सिनेमावाले काय करता, एक तर थेट निकाल देता, नाहीतर केसच नको म्हणता. मधलं काम कोणी करायचं?”

मला वाटलं, ही आता कोडं सोडवणार. अशी माणसं मी पुष्कळ बघितलीत. लिंचनं स्वतःच या सिनेमाच्या डीव्हीडीबरोबर दहा सूचनांचा कागद दिला होता. लाल शेडचा दिवा कुठे कुठे दिसतो बघा, किल्ली कोण देतं आणि का, झगा, राखदाणी आणि कॉफीचा कप यांच्याकडे लक्ष ठेवा, असं त्यात होतं. त्या कागदावर लोकांनी तक्ते बनवले. ‘पहिले दोन तास स्वप्न, नंतरचं खरं’ हे एकदा ठरलं की ते सुटकेचा श्वास सोडतात. पुन्हा सिनेमाकडे वळून बघत नाहीत. मला त्याचा राग येतो. मी तसं बोललोही.

“स्वप्न होतं म्हणणं बरोबरच आहे,” आत्या म्हणाली. “पण तो काही निकाल नव्हे. मुद्देमाल बघ आधी. शेजारीण येते आणि आपल्या वस्तू घेऊन जाते. जाताना टेबलावरची पियानोच्या आकाराची राखदाणी उचलते. नेली ना?”

“नेली.”

“त्यानंतर ही कॉफी करते, कप घेऊन सोफ्यापाशी येते, तर सोफ्यावर ती काळ्या केसांची. आणि टेबलावर?”

मी आठवून बघितलं. मी हा सिनेमा सात-आठ वेळा बघितला असेन.

“राखदाणी आहे,” आत्या म्हणाली. “शेजारणीनं नेलेली राखदाणी तिथंच आहे. हिच्या अंगात झगा होता, तोही नाही. हातात कप होता, त्याचा दारूचा ग्लास झाला. म्हणजे सोफ्यावरचा प्रसंग आधीचा. ही ओट्यापासून सोफ्यापर्यंत चार पावलं चालली आणि मागच्या दिवसांत गेली. मध्ये काही पाटी नाही, काही नाही. एकटं माणूस घरात असंच चालतं. मी हे बसल्या बसल्या शोधून काढलं नाही. राखदाणी नेली तेव्हा मी ‘राखदाणी नेली’ असं लिहिलं होतं, एवढंच.”

शेवटची तीन वाक्यं ती अगदी साध्या आवाजात बोलली. ती पाच वर्षांपासून एकटी राहते.

मग तिनं वहीतून जेवणाचा प्रसंग वाचून दाखवला. मलहॉलंड ड्राइव्हवरच्या दिग्दर्शकाच्या बंगल्यात डायनला जेवायला बोलावलंय. तिच्या डोळ्यांसमोर कमिला आणि तो दिग्दर्शक लग्नाची बातमी द्यायला लागतात. आत्यानं टेबलाभोवतीची माणसं ओळीनं लिहिली होती, कोर्टात हजर असलेल्यांची नोंद करावी तशी. दिग्दर्शकाची आई कोको, जी आधीच्या दोन तासांत बेटीच्या इमारतीची व्यवस्थापक होती. समोरून टक लावून बघणारा एक माणूस, जो आधी कॉफीचा घोट रुमालावर थुंकणारा बडा असामी होता. मागून नुसता निघून जाणारा काउबॉय, जो आधी दिग्दर्शकाला धमकावत होता. कमिलाच्या ओठांवर ओठ टेकवणारी एक सोनेरी केसांची मुलगी, जी आधी ‘कमिला’ या नावानं वावरत होती. बोलता बोलता दिग्दर्शक घटस्फोटाची गंमत सांगतो, की पोहण्याचा तलाव माझ्या वाट्याला आला आणि तलाव साफ करणारा बायकोच्या. आधीच्या भागात त्याच्या बायकोला आपण याच नोकराबरोबर बघितलंय आणि त्या नोकरानं दिग्दर्शकाला घराबाहेर काढलंय.

“आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र,” आत्या म्हणाली. “त्या रात्री जे जे समोर होतं, त्या प्रत्येकाला हिनं स्वप्नात काम दिलं. ज्यानं तिला हिरावून घेतलं त्याची दैना केली. खानावळीतली वाढणारी मुलगी बघ. एकदा तिच्या छातीवरच्या पट्टीवर ‘डायन’ आणि एकदा ‘बेटी’. सुपारी देताना हिनं ती पट्टी वाचली आणि ते नाव स्वप्नात स्वतःला घेतलं. आणि जी सोडून गेली, तिला काय केलं? तिची आठवणच पुसली. नाव नाही, घर नाही, जायला जागा नाही. हिच्याशिवाय तिला कोणी नाही. माणूस गेलं की मनात हेच येतं, की त्यानं सगळं विसरावं आणि परत आपल्याच दारात उभं राहावं.”

माझ्या ‘अनुभव घ्या’मध्ये हे कधी आलं नव्हतं. सिनेमा मला दरवेळी हलवून गेला होता, पण कशानं हललो हे मी कधी शोधलं नव्हतं. तिनं कोडं सोडवलं होतं, आणि तरी सिनेमा लहान झाला नव्हता.

पण एक गोष्ट माझ्याकडेही होती. “आत्या, तू म्हणतेस ते सगळं जुळतं. पण यातला बराचसा भाग चित्रित झाला, तेव्हा हे स्वप्न कोणाच्या डोक्यातही नव्हतं. 1999 साली लिंचनं एबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी एका मालिकेचा पहिला भाग म्हणून हे चित्रित केलं होतं. गोष्ट पुढे अनेक भाग चालायची होती. वाहिनीनं तो भाग नाकारला. मग फ्रान्सच्या कॅनाल प्लसनं पैसे घातले आणि पुढच्या वर्षी उरलेलं चित्रित करून त्याचा सिनेमा झाला. डायन तेव्हा आली. म्हणजे तू जो अर्थ लावलास, तो मागाहून चिकटवलेला आहे.”

मला वाटलं होतं, ही आता अडेल.

“पुरवणी जबाब,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“पहिल्या जबाबात साक्षीदार सांगतो, गाडी पांढरी होती, आत दोघं होते. तेव्हा त्यालाही माहीत नसतं यातलं काय महत्त्वाचं. महिन्यानं पुरवणी जबाब होतो, आणि मग पहिल्या जबाबातली पांढरी गाडी एकदम बोलायला लागते. पहिला जबाब त्यानं खोटा ठरत नाही, उलट त्याला जागा मिळते. आयुष्याचंही तसंच की. विशीत जे केलं ते कशाची सुरुवात होती, हे साठीत कळतं. म्हणून का ते चिकटवलेलं?” मग थोडं थांबून ती म्हणाली, “उलट मला आता जास्त विश्वास वाटतो. आधी ठरवून पेरलेल्या खुणा वेगळ्या असतात. त्या पढवलेल्या साक्षीदारासारख्या असतात.”

यावर तिला पुष्कळ बोलायचं होतं आणि मलाही हेच ऐकायचं होतं. कारण न कळणाऱ्या सिनेमांपुढे खरी अडचण ही असते, की समोरचा माणूस खरंच काही बघून आलाय की नुसता गूढपणाचा आव आणतोय, हे ओळखायचं कसं. महोत्सवांत असे सिनेमे मी बघितलेत. धुकं, मुखवटे, उलट चालणारी घड्याळं, जिन्यावरून संथपणे उतरणारी पांढऱ्या कपड्यांतली बाई. एक अक्षर कळत नाही आणि बाहेर पडताना वाटतं, कळण्यासारखं काही नव्हतंच.

“पढवलेला साक्षीदार दोन गोष्टींनी कळतो,” आत्या म्हणाली. “एक म्हणजे त्याला कुठूनही विचारा, तो त्याच शब्दांत उत्तर देतो. आणि दुसरं, त्याच्या सांगण्यात निरुपयोगी काही नसतं. सगळं कामाचं. खरा साक्षीदार मध्येच सांगतो, की तेव्हा शेजारच्यांकडे भांडी घासत होते. त्या भांड्यांचा खटल्याशी काही संबंध नसतो. पण तो तिथं होता, म्हणून त्यानं ती ऐकली. आता तो कॉफी थुंकणारा घे. थुंकण्याआधी तो हातरुमाल मागतो आणि तो नीट हातात धरतो. असलं बारीकसारीक कोणी गूढ दिसायला म्हणून घालत नाही.”

तो माणूस म्हणजे अँजेलो बादालामेंती, याच सिनेमाचा संगीतकार. हे मी तिला सांगितलं. तिनं तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिनंच विषय काढला. “मला एक कळलेलं नाही. ती नाटकशाळेतली बाई.”

क्लब सिलेन्सियो. मध्यरात्रीनंतर बेटी आणि रीटा तिथे जातात. सूत्रधार रंगमंचावर येऊन बजावतो, की इथे वाद्यवृंद नाही, सगळं टेपवर आहे. ट्रंपेटवाला तोंडापासून ट्रंपेट दूर नेतो, सूर चालूच. मग एक गायिका येते, रेबेका डेल रिओ. रॉय ऑर्बिसनचं जुनं गाणं ती स्पॅनिशमध्ये गाते, साथीला काहीही नाही. दोघी प्रेक्षकांत बसून रडतात. आणि गाता गाता गायिका कोसळते. तिला उचलून नेतात. गाणं मात्र थांबत नाही.

“मी घाबरले,” आत्या म्हणाली. “खरंच. पण का? मी जन्मभर हेच बघत आलेय. नर्गिस असो की मधुबाला, ओठ तिचे आणि आवाज लताबाईंचा. कधी काही वाटलं नाही. मग इथं पोटात का धस्स झालं?”

हा प्रश्न कुठल्या अमेरिकन समीक्षकाला पडला नसता. आपल्याकडे पार्श्वगायन 1935 पासून आहे. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी ‘धूप छाँव’पासून ते रुळलं. आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा, ही आपल्या डोळ्यांना मुळी विचित्र गोष्टच नाही. मी तिला ‘महल’ची (1949) हकिगत सांगितली. त्यातल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव नव्हतंच. तिथं छापलेलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावर मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव. गाणारी कोण, असं लोक आकाशवाणीला विचारायला लागले, तेव्हा खरं नाव पुढे आलं.

“म्हणजे तेव्हा तर गाणारी बाई नव्हतीच जगात,” ती म्हणाली. “नुसती कामिनी गात होती.” कप तिच्या हातात तसाच राहिला. “मग मला वाटतं, भीती आवाजाची नव्हे. आपल्याकडे चेहरा शेवटपर्यंत आवाजाला साथ देतो. मधुबाला मध्येच पडत नाही. इथं शरीर पडलं आणि आवाज राहिला. आणि त्यानं आधी सांगितलं होतं ना, टेप आहे म्हणून? सांगूनही मी विसरले. मला ती बाईच गातेय असं वाटलं. ती पडली तेव्हा मला माझं विसरणं दिसलं.”

“आणि टेपवरचा आवाजही तिचाच आहे.”

“तिचाच?”

“हो. आधी ध्वनिमुद्रित केलेला. ती स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवत होती.”

आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “कोर्टात एक म्हातारा साक्ष द्यायला आला होता. मुलगा गेलेला. तो सगळी साक्ष वर्तमानकाळात देत होता. ‘तो सकाळी शेतावर जातो, विहिरीवर अंघोळ करतो.’ मी हळूच साहेबांकडे बघितलं, दुरुस्त करू का म्हणून. साहेब म्हणाले, तो म्हणतो तसंच घ्या. मी तसंच घेतलं. ते गाणं तसं आहे. माणूस पडलाय आणि क्रियापद चालूच आहे.”

इथं मला तिला काही समजावून सांगायचं उरलं नव्हतं.

तरी त्या दिवशी आम्ही आणखी एका गोष्टीवर भांडलो. मी म्हणालो, असले सिनेमे लोकांना अवघड जातात कारण त्यांत विचित्र गोष्टी असतात. तिनं ते साफ मोडून काढलं. तमाशातल्या गवळणीत मावशी म्हणून पुरुष येतो, पेंद्या कृष्णाला आजच्या बाजारभावाबद्दल विचारतो आणि त्यावर मांडी घालून बसलेला एकही माणूस चक्रावत नाही. विचित्रपणानं कोणी गोंधळत नाही. गोंधळ होतो तो कबूल केलेलं मोडल्यावर. हे तिचं म्हणणं ऐकल्यावर मला दिग्दर्शक बुन्युएल नव्यानं दिसला. बुन्युएल आणि दाली यांच्या ‘अँ शियाँ आंदालू’ (1929) मध्ये पडद्यावर पाटी येते, ‘आठ वर्षांनंतर’, आणि पाहावं तर आठ वर्षं गेल्याची कसलीच खूण नाही. पुढे ‘सोळा वर्षांपूर्वी’ अशी पाटी येते, तेव्हाही तीच खोली. पाटी म्हणजे सिनेमानं प्रेक्षकाला दिलेला शब्द. तोच तो मोडतो. बुन्युएलच्याच ‘एक्स्टर्मिनेटिंग एंजल’मध्ये (1962) पाहुणे बंगल्यात शिरताना दोनदा दाखवलेत. चुकून प्रसंग दोनदा जोडला गेलाय, असं सांगायला खुद्द छायालेखक धावत आला होता, ही आठवण बुन्युएलनं आत्मचरित्रात लिहिलीय. ज्यानं स्वतः कॅमेरा चालवला, त्यालाही सिनेमाचा शब्द इतका पक्का वाटत होता.

“म्हणजे बघ,” आत्या म्हणाली, “शब्द नेमका कुठं मोडला, ती जागा लिहून ठेवायची. अर्थ असेल तर तिथंच असेल.”

तिची पद्धत कुठं थांबते, हे मला बघायचं होतं. संध्याकाळी मी ‘ओम दर-ब-दर’ लावला. कमल स्वरूपचा 1988 चा सिनेमा. स्वरूप पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा. 1976 च्या ‘घाशीराम कोतवाल’च्या सिनेमावर मणी कौल, सईद मिर्झा आणि के. हरिहरन यांच्याबरोबर त्याचंही नाव आहे. ‘ओम’ अजमेर-पुष्करमध्ये घडतो आणि तो चित्रपटगृहात रीतसर लागायला 2014 उजाडलं. मधली पंचवीस वर्षं तो खराब झालेल्या कॅसेटींवरून हातोहात फिरत होता. त्यात ओम नावाचा मुलगा आहे, ज्याला पाण्याखाली खूप वेळ श्वास रोखून धरता येतो. ज्योतिष बघणारे वडील आहेत, बेडूक आहेत, हिरे आहेत. कथा सांगायला मी कधी धजलो नाही.

अर्ध्या तासानं आत्याची पेन्सिल थांबली. सिनेमा संपल्यावर तिनं वही माझ्यापुढे केली. पान अर्धं कोरं होतं.

“हा पंचनाम्यात मावत नाही,” ती म्हणाली. “राखदाणी एका जागी राहिली तर ती हलली असं म्हणता येतं. इथं जागाच नाही. पण हा खोटा नाही. निरुपयोगी गोष्टी ढिगानं आहेत. आता तू सांग. तुझं ते अनुभवणं इथं लागू होत असेल.”

मला पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं पडेना. मी सांगायला लागलो, की छोट्या गावातल्या पोराच्या डोक्यात शाळेचं विज्ञान, पुराणातल्या गोष्टी, रेडिओवरच्या जाहिराती आणि अंगात नुकतंच जागं झालेलं वय हे सगळं एकाच वेळी कोंबलं जातं आणि कशालाच वेगळा कप्पा नसतो. सिनेमा त्या पोराबद्दल नाही, त्याच्या डोक्याच्या आतून बोलतो. म्हणून त्यात आधी आणि नंतर नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी एकेक दृश्य आठवून, नाव घेऊन सांगत होतो. तिच्याच रीतीनं.

“मला नाही आवडला,” ती सगळं ऐकून म्हणाली. “पण तू सांगितलंस ते लिहून घेतलंय.”

मला तो फार आवडतो. आमचं यावर जमलं नाही आणि जमायची गरज दोघांनाही वाटली नाही.

निघायच्या आदल्या रात्री तिनं लिंचच्या दहा सूचनांचा कागद मागितला. मी फोनवर वाचून दाखवला. शेवटची सूचना म्हणजे एक प्रश्न आहे, की रूथ कुठे आहे? बेटी ज्या नातेवाईक बाईच्या घरात राहायला येते, ती रूथ. शेवटच्या जेवणात डायन सांगते, की ती वारली आणि थोडे पैसे मागे ठेवून गेली.

“ही तिची कोण? मावशी की आत्या?”

“इंग्रजीत एकच शब्द आहे गं. मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्यांना तोच.”

“मराठीत लिहायचं तर ठरवावं लागेल की. कुठेच नाही सांगितलेलं?”

“नाही.”

तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मागे तेवढी जागा कोरी सोडली. मग म्हणाली, “परत लाव. पहिल्यापासून.”

पुन्हा त्या जांभळ्या पार्श्वभूमीवर जोड्या नाचायला लागल्या. गोरीचा हसरा चेहरा उजळून विरला. आणि मग ते दृश्य आलं, जे पहिल्या खेपेला कोणाच्याच लक्षात राहत नाही. कॅमेरा चाचपडत लाल चादरीवरून सरकतो, उशीजवळ जातो आणि उशीत बुडतो. जड श्वास ऐकू येतो.

आत्याची पेन्सिल चालू होती. मी वाकून विचारलं, “काय लिहिलंस?”

“लाल उशी. श्वासाचा आवाज.”

“कोणाचा श्वास?”

“दिसत नाही,” ती म्हणाली, आणि तेही लिहिलं.